ब्युरेटवरचा लाल धागा

१२ जानेवारी २०१८, शुक्रवार

या वहीची आधी माफी मागते. शेवटचं पान २३ ऑगस्टचं आहे आणि त्यावर एकच ओळ: ‘पेनासारखा पीएच मीटर आला, पाहिजे ते सांगत नाही.’ पुढे साडेचार महिने कोरे. घडत बरंच होतं, पण घडत असताना लिहायला बसले नाही आणि नंतर कुठून धरावं कळेना. आज धरते, कारण आता कॅनवर माझी सही लागायला लागली आहे. सही करायची तर आपण काय पाहिलं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं.

थोडक्यात असं. वेवजीच्या पाड्यावरच्या अकरा जणींचा गट आहे. परवान्याच्या झाडांची जी ताडी दिवसभरात खपत नाही ती आंबून फुकट जाते. तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा ही कल्पना गटातल्या जमनाची. मी शाळेतली प्रयोगशाळा सहायक, रसायनशास्त्राची बी.एस्सी., म्हणून आंबटपणा मोजायचं काम माझ्याकडे आलं. तो पेन-मीटर मी हौसेनं मागवला होता. कडक शिरक्यात बुडवला आणि पाव हिस्सा पाणी घातलेल्यात बुडवला, तर आकडा जवळजवळ तोच! मग जुन्या पद्धतीवर आले. शाळेतून बाद झालेली, वरचा काठ टवका उडालेली एक ब्युरेट मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनं घेतली.

डिसेंबरचा पहिला माल साडेचार टक्के निघाला. डहाणूच्या पारशी फ्रेनीबाई लोणची करतात, त्यांनी तो घेतला आणि आता मार्चअखेर दीडशे लिटर मागितला आहे. अट एकच. “दीकरी, चार टक्क्याच्या खाली मला नको. एकदा फिका सरको घातला तर आखी बरणी बुरशीनं गेली. माझं नाव गेलं नी.”

आज ताडी उतरवणारा हाल्या, जमनाचा थोरला दीर, त्याच्याकडे गेले होते. मडकी पाहून अंगावर काटा आला. आत काळा थर, वर माश्या. म्हटलं, “हाल्यादादा, उद्या फ्रेनीबाई बघायला आल्या तर? मडकी स्वच्छ पाहिजेत.”

तो विचारात पडला. “स्वच्छ म्हंजे कशी? पूर्वी ते नीरावाले यायचे, त्यांच्यावानी धरू?”

“हो, तशीच,” म्हटलं. एका वाक्यात समजलं त्याला. उगीच अवघड वाटत होतं मला.

२० जानेवारी, शनिवार

जमनाला मोजायला शिकवलं. शिरका दहापट पातळ करायचा, त्यातला दहा मिली चंचुपात्रात, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि वरून ब्युरेटमधलं कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब. हलवूनही गुलाबी रंग टिकला की थांबायचं. द्रावण ६.७ मिली लागलं की चार टक्के. त्याहून जास्त लागलं तर उत्तम.

आकडेमोड पाठ करण्यापेक्षा जमनानं स्वतःच्या पदराचा लाल दोरा काढला आणि ब्युरेटला ६.७ वर गाठ मारून बांधला. “पानी धाग्याच्या खाली उतरलं, मग गुलाबी झालं, तर पास. धाग्याच्या वर असतानाच गुलाबी, तर नापास. बरोबर ना बाई?”

बरोबर. तीन वर्षं मुलांना मी हे वहीत रकाने आखून शिकवते आहे.

ती गुडघ्यावर बसून डोळा पातळीला आणते तेव्हा श्वास धरते. गटातली हिरीआजी दारातून म्हणाली, “काय गं, नळीच्या पाया पडतेस का?”

“पडते. तुज्या पडून काय मिलालं?”

सगळ्या हसल्या. मीही. शिरक्याची पिंपं ठेवलेल्या खोलीची किल्ली जमनाकडेच ठेवायची असं आज ठरलं.

३१ जानेवारी

हाल्यादादाची मडकी पाहिली. ओळखू येईनात. आतून काठापर्यंत पांढरीशुभ्र. माशी नाही. त्याला शाबासकी दिली, तर लाजून कोयता पुसत बसला. त्यानं स्वतःहून एवढं केलं नसतं, पण कुणी नीट समजावून सांगितलं की लोक करतात.

जमना म्हणाली, नवी ताडी पिंपात ओतताना फसफसते, पहिल्या मालावर धरलेली जाड साय विरजणासारखी ठेवली आहे त्यावर पडली की जास्तच. चांगली खूण आहे. जोमदार आंबते आहे.

१४ फेब्रुवारी

शाळेत प्रात्यक्षिक परीक्षांची तयारी. वेवजीला जाणं झालं नाही. जमनाचा फोन: “बाई, या मालाची चव येगळी लागते. आंबट हाय, पन जिभेवर खडू घासल्यावानी.” म्हटलं, अजून कच्चा असेल, जिभेनं नको ठरवू, नळी कशाला आहे?

२४ फेब्रुवारी, शनिवार

आधी आकडे लिहिते.

पहिलं पिंप: ५.४ मिली. दुसरं: ५.२. म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. द्रावण लाल धाग्याच्या बरंच वर असतानाच गुलाबी रंग आला. जमनानं माझ्याकडे पाहिलं, मी ब्युरेटकडे.

आधी स्वतःवर संशय घ्यायचा हा माझा नियम. कॉस्टिकचं द्रावण जुनं झालं असेल म्हणून नवं केलं, ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. पिपेट धुतली. ब्युरेटची तोटी गळते का ते पाहायला दहा मिनिटं वाट पाहिली. नाही. तीन वेळा मोजलं. ५.४, ५.४, ५.३. पिंपं अच्छाडच्या भंगारवाल्याकडची, पण पहिला मालही त्यांच्यातच झाला होता.

उपकरण खोटं बोलत नाही. मग काय राहिलं?

२६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस तोच विचार. पहिला माल साडेचार, हा सव्वातीन. सरळ त्रैराशिक मांडलं तर शंभर लिटरमागे चाळीसेक लिटर पाणी. हातपंप खोलीपासून दहा पावलांवर आहे. किल्ली एकीकडेच.

मला जमनावर संशय घ्यायचा नाही. ती असं करेल असं मला वाटत नाही. पण मला वाटणं हा पुरावा नव्हे. उद्या गटाच्या बैठकीत सर्वांना मिळून विचारीन, म्हणजे कुणा एकीवर बोट राहणार नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. शब्द जसेच्या तसे लिहिते: “मालात पाणी पडलं आहे. कुणी घातलं असेल तर आता सांगा, मी रागावणार नाही.”

मी कुणाचंही नाव घेतलं नाही.

रखमीनं मूल मांडीवर फिरवून घेतलं. हिरीआजी म्हणाली, “किल्ली ज्याच्याकडं त्याला इचारा ना, आमाला काय?” मग सगळ्यांनीच जमनाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी आधीच तिच्याकडे पाहत होते.

जमना म्हणाली, “मी सांगितलं व्हतं फोनवर, चव येगळी हाय. पानी घातलं तर चव फिकी व्हते. ही फिकी नाय.”

“जमना, मोजमाप समोर आहे.”

तिनं कमरेची किल्ली सोडली, सतरंजीवर माझ्यापुढे ठेवली आणि उठून गेली. जाताना ब्युरेटला धक्का लागू नये म्हणून लुगडं आवरून घेतलं. हे आत्ता लिहिताना आठवलं.

३ मार्च, शनिवार

होळी झाली. गेल्या वर्षी पाड्यावर बोलावणं होतं, पहाटेपर्यंत तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचत फिरले होते. या वर्षी कुणी बोलावलं नाही. मी जाऊ शकले असते. गेले नाही.

फ्रेनीबाईंना फोन करून खरं सांगितलं, की माल चारच्या खाली आहे, सही करणार नाही.

“अरे, मग थोडं बाटलीतलं ॲसिड घाल नी. बद्धा एम ज करे छे, सगळे तसंच करतात.”

“फ्रेनीबाई, तुम्हाला तसाच हवा असता तर वापीच्या कारखान्यातून कॅन मागवला असता तुम्ही. ताडीचाच हवा म्हणाला होतात.”

“ते पण खरं.” मग उसासा. “कैरी येईपर्यंत थांबते. कैरी आली, पछी मी पण काय करू?”

ती बाटली शाळेच्या कपाटात आहे. ग्लेशियल ॲसेटिक, अर्धा लिटर. अशा दोन-तीन बाटल्यांत दीडशे लिटर पास होईल, ब्युरेट हूं की चूं करणार नाही, द्रावण धाग्याच्या खालीच उतरेल. जमनाही परत येईल कदाचित. दुपारी कपाट उघडलं, दुसऱ्याच कामासाठी, आणि लेबल वाचत उभी राहिले. मग कपाट बंद केलं. यात फार मोठं काही केलं असं मला वाटून घ्यायचं नाही. बाटली शाळेची होती आणि सही माझी असती.

पण पाणीच पडलं आहे हेही मी अजून सिद्ध केलेलं नाही. ‘फिकी नाय’, असं ती म्हणाली होती. ते पडताळून पाहायचं राहिलं.

६ मार्च, मंगळवार

तलासरीच्या डेअरीतून दुधाचा लॅक्टोमीटर एका संध्याकाळपुरता आणला. डेअरीवाला म्हणाला, “मॅडम, आमच्यावर संशय?” म्हटलं, दुसऱ्याच कुणावर आहे.

तीन उंच ग्लास. एकात पहिल्या मालाचा जपून ठेवलेला नमुना, दुसऱ्यात त्याच नमुन्यात मी मुद्दाम घातलेलं पाणी, तिसऱ्यात नवा नापास माल. पाणी घातलेल्यात लॅक्टोमीटर खाली बसला, बसायलाच हवा. नापास मालात तो पहिल्याइतकाच, किंचित जास्तच वर तरंगला.

पुन्हा केलं. ग्लास बदलून केलं. तेच.

पाणी नाही. नुसती पातळ झालेली ही वस्तू नव्हे. आम्ल कमी आहे पण वजन कमी नाही, म्हणजे काहीतरी आत आहे आणि ते आम्ल खातं आहे.

जमनाला सांगायला हवं. पण नुसतं ‘पाणी नव्हतं’ सांगून काय होणार, ती विचारेल, मग काय होतं? आधी कारण सापडू दे. कारणासकट सांगितलेलं जास्त बरं दिसेल.

९ मार्च, शुक्रवार

कारण सापडलं.

शाळेआधी, उजाडताना हाल्यादादाच्या झाडांकडे गेले. ताडी झाडावरून खाली येते तिथपासून एकेक पायरी तपासायची असं ठरवलं होतं. तो नुकताच खाली उतरला होता. रात्रीची मडकी ओतून घेतली, धुतली. मग बाजूच्या डब्यात हात घातला आणि मडक्याच्या आत चांगला जाड हात फिरवायला लागला. पांढरा.

“दादा, हे काय?”

“चुना. दुसरं काय?”

“कशाला?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुमीच सांगितलं ना बाई. नीरावाल्यांवानी. ते चुना लावायचे म्हून तर नीरा गोड राहायची, आंबत नव्हती. सकाळ-संध्याकाळ लावतो मी. एक दिवस चुकवला नाय.” मग डबा माझ्यापुढे तिरका करून म्हणाला, “कमी पडतो काय?”

मी तिथेच दगडावर बसले.

बारा जानेवारी. ‘हो, तशीच.’ नीरावाले कशी मडकी धरत हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. आम्ही ताडी आंबवायला निघालो होतो आणि मी माणसाला ती आंबू नये अशी सोय करायला सांगून आले. आम्ल आणि चुना. आठवीच्या पुस्तकात आहे. पांढरी मडकी पाहिली, शाबासकी दिली. उघड्या डब्यातला चुना जुना होऊन खडूच झालेला, तो आंबट सायीवर पडून फसफसत होता, ते मी ‘जोमदार’ म्हणून याच वहीत लिहिलं. जिभेवर खडू घासल्यासारखं लागतं असं जमनानं सरळ शब्दांत सांगितलं, तर तिला म्हटलं, जिभेनं नको ठरवू.

“बरोबर ना बाई?” हाल्यादादानं पुन्हा विचारलं.

“तुमचं बरोबर आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. आता चुना नको. पूर्वीसारखी धरा, फक्त माश्या बसू नयेत म्हणून तोंडाला फडकं बांधा.”

“मंग ती काळी मडकी?”

“तीच चांगली होती.”

त्यानं डब्याचं झाकण लावलं, पण हात मात्र बराच वेळ मातीला पुसत राहिला.

११ मार्च, रविवार

जमनाकडे गेले. अंगणात सुकट निवडत होती. बस म्हणाली नाही, पण पाट पुढे सरकवला.

सगळं सांगितलं. चुना, मडकी, माझा शब्द, लॅक्टोमीटर. ती एकेक मासळी बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे पानी नव्हतं, हे तुमाला मंगळवारीच कळलं व्हतं.”

“हो.”

“आज रविवार हाय.”

मी म्हटलं, कारण सापडायचं होतं.

“कारन तुमाला पायजे व्हतं बाई. मला नव्हतं. मला एवढंच पायजे व्हतं की पानी नाय.” मग टोपली हलवून सारखी केली. “पंधरा दिस व्हत आले, हिरी माझ्या हंड्याकडं बघून हसते. विहिरीवर शेजारच्या सुषमाची सासू म्हनते, जमना पानी भरते का घालते? तुमी दहा जनींच्या समोर बोललात, आनि एकलीच्या अंगनात येऊन सांगता.”

“बैठकीत सांगते. परवाच्या मंगळवारी. चुन्याचंही सांगते.”

“चुन्याचं सांगा, पन भाऊंचं नाव नका काढू.” हाल्याला ती भाऊ म्हणते. “ते झाडावर चढतात. मन खाली राहिलं की हात सुटतो. माझा सासरा तसाच गेला.”

मी हो म्हटलं. पिंपांची किल्ली पिशवीत होती, काढून पुढे केली. तिनं घेतली नाही.

“मंगळवारी बघू.”

निघताना तिनंच विचारलं, “मंग ती आंबट-खडू ताडी वाया गेली का?” म्हटलं, लोणच्याला नाही चालणार. नवा माल घालू, आज घातला तर कैरीपर्यंत होईल. ती म्हणाली, “चुना नसलेली मडकी कालपासून लागलीत. मी बघून आले.”

म्हणजे तिला कालच कळलं होतं. तरी मला सगळं बोलू दिलं.

१२ मार्च, सोमवार

फ्रेनीबाईंना फोन. चुन्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना हसू आवरेना. “मारा बापा! चुना लावून पानवाली झाली तू तो!” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “एप्रिलच्या शेवटपर्यंत. पण मोजून दे. नी मोजणारी कोण, त्याची पण सही पाहिजे.” म्हटलं, सही यापुढे मोजणारीचीच असेल. जमना मोजते, मी फक्त द्रावण करून देते. ती तयार असेल तर.

पाड्यावर जाऊन पिंपं गरम पाण्यानं घासली. रखमी मदतीला आली. विचारलं नाही की का घासतो आहोत, मीही सांगितलं नाही. आज तिला एकटीला सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. पहिल्या मालाची राखून ठेवलेली साय अजून जिवंत आहे, वरून चकाकते. शेवटी हाल्यादादाची ताडी ओतली. फसफसली नाही. मुकाट्यानं पिंपात गेली. इतकी शांत ताडी पाहून बरं वाटेल असं जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

ब्युरेट कापडात गुंडाळून आणली आहे. लाल धागा सुटत आला होता. घट्ट करायला हात लावला आणि तसाच ठेवला. जिनं बांधला तिनंच बांधावा.

उद्या काय बोलायचं ते लिहून पाहिलं. पहिला मसुदा: ‘मडक्यांबाबत थोडा गैरसमज झाला.’ कुणाचा? खोडलं. दुसरा: ‘तपासणीअंती असं आढळून आलं की मालात पाणी नव्हतं.’ हे सरकारी पत्र झालं, यात माणूसच नाही. खोडलं. तिसऱ्यात चुन्याची सगळी रासायनिक क्रिया आली, पाऊण पान, आणि जमनाचं नाव शेवटच्या ओळीत. वाचताना कळलं की मी पुन्हा कारणाच्या मागे लपते आहे.

शेवटी दोन वाक्यं राहिली. जमनानं पाणी घातलं नव्हतं. मडक्यांना काय लावायचं ते मी चुकीचं सांगितलं, आणि तिनं चव सांगितली तेव्हा ऐकलं नाही.

माझी सवय मला माहीत आहे. आधी हजेरी, मग चहा, मग मागच्या बैठकीचं वाचन, मग वेळ उरला नाही.

उद्याचं काम: बैठकीत सतरंजीवर बसण्याआधी, उभी असतानाच ही दोन वाक्यं म्हणणं.